मागच्या सीटवर जेवणारे मॅनेजर

अगो, अशी जवळ सरक बघू. कागदावरून का होईना, पण सरक. परवा फोनवर माझं वाक्य अर्ध्यात तोडून "आजी, ठेवते, उद्या परीक्षा आहे" म्हणालीस आणि खरंच ठेवलास. मोठ्या माणसाचं बोलणं असं टाकून उठतात होय? आणि परीक्षा कसली, तर गाड्यांची. पुण्याच्या त्या काचेच्या दुकानात तुला नोकरी लागली म्हणून मी इथे आळीभर पेढे वाटले. पण तू जे रडगाणं लावलं होतंस ना, की गाडी विकणाऱ्या माणसाला माहिती तरी किती असावी, इंजिन झालं, ब्रेक झाले, आता काय वायरीसुद्धा पाठ करायच्या का, त्याचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं आणि तू ऐकून घेतलं नाहीस. म्हणून लिहायला बसले. मला अशी लांबलचक पत्रं लिहायला कुणी शिकवलेलं नाही, जशी बोलते तशी लिहिते. शुद्धलेखन काढत बसू नकोस.

तुझी ही आजी एके काळी रत्नागिरीत गाड्या विकत होती, हे तुझ्या आईने तुला सांगितलेलं दिसत नाही. ऐंशीच्या सालांतली गोष्ट. तुझे आजोबा मुंबईला कारखान्यात, मी इथे सासूबाईंपाशी. माळनाक्याजवळ गाड्यांची एक नवी एजन्सी निघाली, तिथे चौकशीच्या टेबलावर मला बसवलं. आल्या माणसाला पाणी द्यायचं, गाडीचं रंगीत पत्रक हातात ठेवायचं, "साहेब येताहेत, बसा" म्हणायचं. माझी शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी त्या पत्रकांवरूनच जुळवायला शिकले.

आणि आमचे मॅनेजर. त्यांचं काय सांगू तुला. मूळचे दापोलीकडचे, मुरुडचे. उंच, वाळकुडे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि कुठल्याही गाडीत शिरताना चपला बाहेर काढणार. नवीच गाडी असं नाही हां, टॅक्सीतसुद्धा. एकदा हातखंब्याला टॅक्सीत बसताना चपला रस्त्यावरच राहिल्या आणि टॅक्सी सुटली. अनवाणी कामावर आले. त्यांना म्हटलं, "चपला कुठे?" तर म्हणाले, "हातखंब्याला बाहेर काढल्यात."

स्वतः यायचे सायकलवरून. गाडी घ्यायला आलेली माणसं हटकून विचारायची, "मॅनेजर, तुमच्याकडे कुठली गाडी?" ते म्हणायचे, "सायकल. चढाला चेन पडते तिची." माणूस हसायचा. ह्यांना त्यात हसण्यासारखं काय ते कळायचं नाही. विचारलं कुठली, सांगितली. तिची खोड काय तीही सांगितली. अजून काय हवं?

खोड हा त्यांचा आवडता शब्द. रोज सकाळी दुकान उघडलं की आम्हा सगळ्यांना उभं करायचे आणि विचारायचे, "आजची खोड?" म्हणजे काय, तर ज्याला त्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलायचं असेल त्याने आपल्या गाडीची एक वाईट गोष्ट सांगायची. कालची चालायची नाही, नवी हवी. सांगता आली नाही तर त्या दिवशी त्याने गाड्या पुसायच्या. आमच्यात एक कोल्हापूरचा होता, विक्रीला. बोलण्यात तरबेज, मला वहिनी म्हणायचा. तो पहिल्या आठवड्यात म्हणाला, "मॅनेजर, वाईट काय सांगायचं? उत्तम गाडी आहे." मॅनेजरांनी फडकं त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "उत्तम म्हणजे तुम्ही तिला अजून बघितलेली नाही. पुसा. पुसताना दिसेल."

स्वतः मॅनेजर ही खोड शोधायचे कधी, तर जेवताना. ऑफिसात टेबल असून हा माणूस टेबलावर जेवला नाही कधी. दुपारी डबा घ्यायचा, मांडायला ठेवलेल्या गाडीचं मागचं दार उघडायचं, चपला काढायच्या, आत बसून गुडघ्यावर डबा ठेवून जेवायचं. बाहेरून लोक काचेतून बघायचे, की नव्या कोऱ्या गाडीत एक माणूस पोळी मोडतोय. एकदा कुणी कुटुंब गाडी बघायला आलं, बाईंनी मागचं दार उघडलं तर आत हे. बाई दचकल्या. हे म्हणाले, "या, बसा ना, जागा आहे. मी सरकतो." आणि खरंच सरकले. मग त्या बाईंना म्हणाले, "मधे बसलात तर पाय ह्या उंचवट्यावर येतात, बघा. तुमच्या सासूबाई कुठे बसणार?" त्या बाईंनी सासूबाईंना कुठे बसवायचं ते नवऱ्याशी तिथेच बसून ठरवलं आणि मग गाडी घेतली.

त्यांचं म्हणणं, गाडी घेणारा पुढे बसतो, पण घरात तिच्याविषयी बोलणारी माणसं मागे बसतात. मागे काय होतं ते ज्याला ठाऊक नाही त्याने पुढचं दार उघडून दाखवू नये. मे महिन्यात त्यांनी मला काचा लावून मागे बसवलेली आहे, घामाने पदर भिजेपर्यंत. बाहेर उभं राहून विचारायचे, "काय कळलं?" मी म्हटलं, "मॅनेजर, मरेन मी." म्हणाले, "हे पत्रकात नाही. लक्षात ठेवा."

पत्रकावर त्यांचा राग नव्हता हां. ते आम्हाला पत्रक पाठ करायलाच लावायचे, आकडा चुकला की परत. पण म्हणायचे, "पत्रक गिऱ्हाइकालाही वाचता येतं. तेवढंच सांगायचं असेल तर तुम्हाला पगार कशाला? भिंतीवर चिकटवून टाकू." मला कोल्हापूरकराने इंजिनाचे भाग शिकवले, फार मायेने, पोळपाट-लाटण्याची उदाहरणं देऊन. मॅनेजर मग प्रश्न विचारायचे. एकामागून एक, सोप्यातून अवघड, जोवर आपल्याला येत नाही असा प्रश्न लागत नाही तोवर. तो लागला की एकदम गप्प होऊन आपल्या तोंडाकडे बघायचे. तोच त्यांचा खरा प्रश्न. आपण "मला ठाऊक नाही, बघून सांगते" म्हणतो, की काहीतरी ठोकून देतो.

कोल्हापूरकराने एकदा ठोकून दिलं. गावातल्या एका डॉक्टरांना, घाटात गाडी तापते का याचं उत्तर, छातीठोक. मॅनेजरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याला सायकलवर मागे बसवून डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि पेशंटांसमोर म्हणायला लावलं, "काल मी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं." परत आल्यावर तो रडकुंडीला आलेला. "मॅनेजर, इज्जत गेली माझी." हे शांतपणे म्हणाले, "गेली नाही. आज जमा झाली थोडी." पुढे त्या दोघांनी आंबा घाट चढून बघितला, गाडी कुठे तापते ते डॉक्टरांना जाऊन सांगितलं, आणि डॉक्टरांनी त्याच गाडीला नंबर लावला.

सांगायचंच विसरले, तेव्हा छोट्या गाडीला नंबर लावावा लागायचा. लोक पैसे भरून वाट बघत बसायचे. ती गाडी विकायला काही लागत नव्हतं. मॅनेजरांना त्याचं दुःख. म्हणायचे, "रांगेतल्या माणसाला गाडी देणं म्हणजे रेशनचं दुकान. ह्याला विकणं म्हणत नाहीत." त्यांचा सगळा जीव होता व्हॅनवर. कारण व्हॅन कुणालाच नको होती. लोक तिला पावाचा डबा म्हणायचे. इंजिन पुढच्या सीटखाली, बसणाऱ्याला खालून ऊब लागायची. कोल्हापूरकर म्हणायचा, हिवाळ्यात बरं वाटेल. मॅनेजर म्हणायचे, रत्नागिरीत हिवाळा दाखवा मला. ती पांढरी व्हॅन आमच्या दारात उभी असायची, कावळे बसायचे तिच्यावर.

आता माझं. त्या वर्षी पावसाळा सरता सरता वरून कळलं की एजन्सीतलं चौकशीचं टेबल बंद करायचं. म्हणजे मी घरी. मॅनेजरांनी वर कळवलं, की ह्या बाईंना विक्रीला घ्या. वरून उत्तर आलं, बाईमाणूस, शिक्षण नाही, गाड्या काय विकणार? पण मॅनेजर हटेनात, तेव्हा ठरलं की कंपनीचे साहेब येतील, तोंडी परीक्षा घेतील. पास झाल्या तर विक्रेत्या, नाही तर राम राम. घरात सासूबाई अंथरुणाला टेकलेल्या, आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. गाडी बघायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत काय असतं ते तू आता रोज बघत असशील. ते बघायचं सोडून परत घरात बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

साहेब आले ते ऑक्टोबरच्या उन्हात, गळ्यात टाय. तरुणच होते, वाईट नव्हते. काचेच्या खोलीत मला समोर बसवलं आणि छापील कागदावरून प्रश्न विचारायला लागले. बरेच आले. मग विचारलं, व्हॅन कमीत कमी किती जागेत वळते? आकडा मला पाठ होता गो. पण तोंडाशी येईना. मी म्हटलं, "आत्ता आठवत नाही, साहेब. बघून सांगते." त्यांनी कागदावर काहीतरी खूण केली. ती खूण मला उलट्या बाजूनेसुद्धा कळली.

तेवढ्यात बाहेर आवाज. मिरकरवाड्याची एक मासळीवाली काकी आली होती. भरभक्कम बाई, काष्टा घातलेला, अंबाड्यात अबोली. सरळ व्हॅनपाशी गेली आणि तिच्या दारावर थाप मारली, म्हैस बघतात तशी. कोल्हापूरकर पुढे झाला.

"काय हवं, काकी?"

"तू नको, दादा. ती तितं आत बसलेली बाय हाय ना, तिला धाड. मागं तिनं मला पानी दिलेलं."

मॅनेजर काचेच्या दारातून डोकावले. "साहेब, गिऱ्हाईक बाईंना बोलावतंय." साहेबांनी घड्याळ बघितलं, मला म्हणाले, "जा. लवकर या."

काकी मला म्हणाली, "हे बघ बाय, मला मासळी न्यायची हाय. बंदरावरनं लांज्याच्या बाजाराला. टेंपोवाला त्याच्या मर्जीनं निघतो, तवर म्हावरं मऊ पडतं. माजा जावई गाडी चालवतो. मला तुजं इंजिनबिंजिन नको सांगू. बरफाचं पानी गळतं, ते ह्या गाडीत कुठं जातं, तेवढं सांग."

कोल्हापूरकर म्हणाला, "आत रबरी मॅट आहे, काकी, काही प्रॉब्लेम..." आणि मॅनेजरांकडे बघून गप्प झाला.

मी म्हटलं, "ठाऊक नाही, काकी. आमच्यातल्या कुणी घालून बघितलेलं नाही."

"मंग?"

मी मॅनेजरांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, जन्मात कॅलेंडर बघितलं नसल्यासारखे. म्हणजे माझं मलाच ठरवायचं होतं. काचेच्या खोलीच्या दारात साहेब येऊन उभे होते. एकीकडे दारात मांडलेली कोरी व्हॅन, एकीकडे माझं टेबल. मी म्हटलं, "मग घालून बघू."

"घालून बघू म्हणजे?" साहेब म्हणाले. "डिस्प्लेची गाडी आहे ती."

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या कागदावरचं काय विचाराल ते पत्रकात आहे. ह्यांचा प्रश्न पत्रकात नाही."

काकी म्हणाली, "आणि नळाचं पानी नको. माज्या म्हावऱ्याचंच पानी पायजे. चला बंदरावर."

साहेब मॅनेजरांकडे वळले. मॅनेजर म्हणाले, "परीक्षा तुमची चालूच आहे, साहेब. फक्त खोली बदलू. बूट मात्र काढा."

आणि साहेबांनी काढले गो. का ते मला आजही कळलेलं नाही. मॅनेजरांच्या बोलण्यात असं काहीतरी असायचं की माणूस आधी करायचा आणि मग विचार करायचा.

कोल्हापूरकर चालवायला, शेजारी काकी, मागे आम्ही तिघं. मिरकरवाड्याला पोचलो तर लिलाव आटपत आलेला, ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या हातगाड्या, वाटेत जाळी पसरलेली. आमची पांढरी गाडी बघून बायका हसायला लागल्या. "काय गो, पाववाला आनलास?" काकी उतरून म्हणाली, "हसा, हसा. उद्या लांज्याला तुमच्या आदी पोचते." मासळीच्या पाट्या भरल्या, वर बर्फ फोडून टाकला, गाडीत चढवल्या. मागच्या सीटा काढून ठेवल्यामुळे आम्ही कडेने अंग चोरून बसलेलो, साहेबांच्या मांडीला बांगड्यांची पाटी टेकलेली.

परतायला गाडी वळवायची, तर जागा होती हातगाड्यांच्या आणि जाळ्यांच्या मधे जेमतेम. जाळ्यावरून चाक गेलं असतं तर गाडी परत आली नसती, आम्हीही नसतो आलो. मी खाली उतरले. पुढे उभी राहून हात केला, ये, ये, अजून ये, थांब, आता स्टिअरिंग पूर्ण कापून घे. एका दमात वळली. जाळ्याच्या दोरीला धक्का नाही.

मग चढाने वर माळनाक्यापर्यंत. चढाला बर्फाचं पाणी धावलं मागे. साहेब पाय उचलायला लागले, पण उचलून ठेवणार कुठे, मोजे भिजलेच. वर येऊन गाडी थांबवली, पाट्या उतरवल्या, रबरी मॅट वर केली. मी गुडघ्यावर बसून बोटं फिरवली. थोडं पाणी मागच्या दाराच्या फटीतून रस्त्यावर गेलेलं. बाकीचं सगळं डाव्या कोपऱ्यात साचून बसलेलं. बोट जिभेला लावलं, खारट.

सगळे माझ्याकडे बघत होते. कोल्हापूरकराने डोळ्यांनी खूण केली, वहिनी, गोड बोला. मला कळत होतं मी काय बोलणार त्यावर काय जाणार आहे. पण रोज सकाळी त्या प्रश्नाला उत्तर द्यायची सवय लागलेली, दुसरं काही तोंडात येईना.

"काकी, पाणी ह्या कोपऱ्यात साचतं. बाहेर पडायला वाट नाही त्याला. गोड्या पाण्याने रोज धुतलंत तरी कोपरा ओला राहणार, आणि खारं पाणी पत्रा खाणार. गाडी किती पावसाळे काढील ते सांगता येत नाही."

"म्हंजे घेऊ नको म्हनतेस?"

"अशीच घेऊ नका म्हणते." आणि मग मला एकदम सुचलं. "काकी, तुमच्या घरात मोरीचा उतार कुठे काढलाय?"

"मागं. माडाच्या आळ्यात."

"तसाच गाडीत काढू. जस्ताच्या पत्र्याचा मोठा ट्रे, कडा वर उचललेल्या, मागच्या दाराकडे उतार, तोंडाला नळी. गाडीच्या पत्र्याला पाणी लागणारच नाही."

काकीने वाकून तो कोपरा पुन्हा एकदा बघितला. मग पोट धरून हसायला लागली. "गाडीत मोरी?"

"मोरीच."

"मंग मोरी घालून दे. मोरीसकट नेते."

तेवढ्यात खालून आवाज आला. बघते तर साहेब भिजल्या मोज्यांनिशी रस्त्यावर आडवे, टाय खांद्यावर टाकलेला, गाडीच्या खाली मान घालून. "नळी इथून काढता येईल. एक्झॉस्ट ह्या बाजूला आहे, त्याला लागणार नाही. वीत, दीड वीत पुरे. आणि बूच हवं, नाहीतर भर बाजारात पाणी गळेल." उठून त्यांनी परीक्षेचा तो छापील कागद उलटा केला आणि त्यावर ट्रेचं चित्र काढायला बसले. मॅनेजर त्यांच्याशेजारी फुटपाथवर बसले, दोघं अनवाणी, आणि उतार किती ठेवायचा यावर वाद घालायला लागले. काकी वरून म्हणाली, "अरे, जरा जास्ती ठेवा, कंजूस कसले."

संध्याकाळी निघताना साहेब म्हणाले, "मॅनेजर, ते वळण्याचं उत्तर मात्र बाईंचं राहिलं."

मॅनेजर म्हणाले, "बंदरावर गाडी वळली तेव्हा तुम्ही आत होतात ना, साहेब?"

साहेब हसले, आणि तो कागद पुन्हा सुलट करून माझ्या नावापुढे पास लिहिलं. मी बघितलं, सगळं उलट्या बाजूने वाचलं.

मॅनेजरांनी शाबासकी दिली असेल असं वाटत असेल तुला. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "आजची खोड? आणि व्हॅनचा कोपरा आता चालणार नाही, तो झाला." पण चौकशीच्या टेबलाची माझी खुर्ची त्यांनी स्वतः उचलून कोल्हापूरकराच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवली होती. इतकंच. मला पुरलं ते.

बाजारातल्या पत्रेवाल्याने ट्रे केला. दसरा होऊन गेलेला, तरी काकीने झेंडूची माळ आणली, नारळ फोडला, आणि मला ओढून पुढच्या सीटवर बसवलं. बंदरावर गाडी शिरली तशा त्याच हसलेल्या बायका गोळा झाल्या आणि आत वाकून मोरी बघायला लागल्या. एकजण नळीचं बूच काढून बघते, दुसरी उतारावर तांब्याने पाणी ओतते. काकी सगळ्यांना सांगत होती, "ही आपली गाडीवाली. हिला विचारा. हिला येत नसलं तर तसं सांगते, मंग बंदरावर येऊन बघते." त्या आठवड्यात आमच्या दुकानात माणसं आली ती "मोरीची गाडी कुठली?" विचारत. पावाचा डबा कुणी म्हणेना मग. कावळ्यांना बसायला व्हॅन उरली नाही दारात.

आता तुझा प्रश्न, माहिती किती हवी. आकडे सगळे पाठ कर. माझ्यासारखी ऐनवेळी विसरलीस तरी पाठ कर. पण एवढ्यावर थांबू नकोस. घेणारा माणूस गाडीचं काय करणार आहे, तिथवर तुझी माहिती पोचायला हवी. आणि जिथे पोचत नाही तिथे त्याच्याबरोबर आपण जायचं. माझ्या मॅनेजरांना कुणी एवढं सुटं करून सांगितलेलं आवडलं नसतं, पण तू घाईतली आहेस म्हणून सांगितलं.

दिवाळीला तुझे आजोबा मुंबईहून आले. त्यांना मी काही कळवलेलं नव्हतं, म्हटलं घरी आले की सांगू. एस.टी. स्टँडवर उतरले, रिक्षात बसले, आमच्या आळीचं नाव सांगितलं. रिक्षावाला वळून म्हणाला, "तिथे कुणाकडे? गाडीवालीकडे काय?" हे म्हणाले, कोण गाडीवाली? त्याने सगळी हकीकत सांगितली, बंदर, बर्फ, मोरी, साहेबांचे मोजे, सगळं. दारात येऊन हा माणूस बॅग हातात धरून उभा. सासूबाई आतून विचारताहेत, "कोण आलंय गो?" तर तेच आतल्या बाजूला ओरडून म्हणाले, "मी, गाडीवालीचा नवरा."

तर तू पण तशीच ये. फोनवर नको आता बोलणं. परीक्षा झाली की पहिल्या सुट्टीला निघ, स्टँडवर उतर, कुणाही रिक्षावाल्याला सांग गाडीवालीकडे जायचंय. जुन्यातला असेल तर पत्ता सांगावा लागणार नाही. ये लवकर, मी दार उघडं ठेवते.